वर्षश्राद्धानंतरचे वाफे

पारोळ्याच्या वेशीबाहेर, बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून मंजुळाबाईचं दोन खोल्यांचं घर आहे. घरापेक्षा मागचं परस मोठं. मंजुळाबाई सत्तावीस वर्षांची असताना तिचा नवरा काविळीनं गेला, तेव्हा पदरात तीन वर्षांचा योगराज होता. दिवसा ती कपाशी वेचायला जायची, पुढे शाळेत खिचडी शिजवायला लागली. घरातलं कालवण मात्र तीस वर्षं परसातनंच आलं. पावसाळ्यात दोडके-गिलके व्हायचे, पण खरं परस फुलायचं ते पाऊस उघडल्यावर. घट बसायच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पडायची. लसणाच्या पाकळ्या टोचल्या जायच्या. कुडाच्या कडेनं वाल चढायचा, आणि मधल्या चार सऱ्यांत भरताची हिरवी वांगी. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची. सून आली तीही अक्काच म्हणू लागली.

सून म्हणजे हेमलता, दोंडाईच्याची. योगराज ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. गडी कामाचा होता, बोलायला कमी. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भाद्रपदाच्या अखेरीस एका दुपारी तो सुटे भाग आणायला धुळ्याला गेला आणि परतताना मोटारसायकलीसकट ट्रकखाली आला. त्याच सकाळी त्यानं वांग्यांची रोपं आणून मोरीपाशी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. दहाव्याला कुणाचं तरी लक्ष गेलं, तेव्हा त्यांचा काळा चिखल झालेला होता.

त्या साली परसात कुणी पाऊल टाकलं नाही. गाजरगवत कमरेला लागलं. मंजुळाबाईनं मागचं दार लावून घेतलं ते लावूनच ठेवलं. भाजी बाजारातनं यायची. दोघी समोरासमोर बसून जेवायच्या आणि ताटं उचलायच्या. दुःख वाटून घेतात म्हणतात, पण या घरात दोघींनी ते आपापल्या कोपऱ्यात ठेवलं होतं. एकीनं डोळे पुसले तर दुसरी मुद्दाम उठून चुलीकडे जायची.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले. त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी मंजुळाबाईला मागून खसखस आवाज आला. जाऊन बघते तर दार सताड उघडं आणि हेमलता पदर खोचून विळ्यानं गाजरगवत कापतेय. अर्धं परस मोकळं झालेलं. खालची काळी माती वर्षभरानं उन्हात आली होती.

 मंजुळाबाईला रागच आला.

"कोन खाई हाऊ बठ्ठा भाजीपाला?" ती दारातनंच म्हणाली.

हेमलतानं हात थांबवला नाही. "आपण दोन्ही खासूत, अक्का. गवत वाढू दिसन कोनी परत येनार शे का?"

मंजुळाबाई आत निघून गेली. तासभर ती कॉटवर बसून राहिली. मग उठली, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि बाहेर आली. सून गवत कापत होती तिथं न जाता दुसऱ्या टोकाला तिनं खणायला सुरुवात केली. दुपारपर्यंत दोघी एकमेकींकडे सरकत आल्या.

पुढचे दिवस कामाचे गेले. शेणखत पाट्यांनी आलं. वाफे बांधले, मोरीचं पाणी वाफ्यांपर्यंत न्यायला दांड काढला. हेमलताला शेतीची सवय नव्हती. तिचे वडील ज्ञानेश्वर दोंडाईच्याला कापडदुकानात कामाला होते. मेथी किती दाट फेकायची, मुळ्याचं बी किती खोल जातं, हे सगळं तिला सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मंजुळाबाईचं तोंड उघडलं. बाजारातनं वांग्यांची रोपं आणली ती सुनेनंच निवडून, बुटकी आणि जाड देठाची. लावल्यावर आठ दिवसांत त्यातल्या काहींचे शेंडे माना टाकू लागले. हेमलता घाबरी झाली.

"पानी कमी पडनं का, अक्का?"

मंजुळाबाईनं एक शेंडा खुडून नखानं चिरला. आत तांदळाच्या दाण्याएवढी अळी होती. "पानी नही. आत पोखरस ती. वरथून काही दिखत नही." असे शेंडे रोज सकाळी खुडायचे आणि लांब नेऊन जाळायचे, हे तिनं सुनेला शिकवलं. हेमलता ते काम नेमानं करू लागली. एकदा खुडताना ती काहीतरी गुणगुणत होती. मंजुळाबाईनं ऐकलं आणि ते थांबू नये म्हणून हातातली भांडी आवाज न करता ठेवली.

दिवाळी त्यांनी केली नाही, पण त्या आठवड्यात पहिली मेथी निघाली. शेजारची कुंदाबाई कुडावरून वाकून बघत होती. वाफे हिरवेगार, एकही तण नाही. तिला मनापासून कौतुक वाटलं.

"अक्का, तुमनी सून ते तुमनासारखीच निंघनी हो. देखज्यात, ती बी आठेच जलम काढी टाकी. नाव राखी घरनं."

हेमलता आत होती, तिनं ऐकलं नाही. मंजुळाबाईच्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच राहिली. तीस वर्षं हेच शब्द तिनं स्वतःबद्दल ऐकले होते. काय बाई आहे, पदर ढळू दिला नाही, नाव राखलं. लग्नकार्यात लोक तिला मागच्या रांगेत बसवायचे आणि सुनांना तिचं उदाहरण द्यायचे.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. एक जुनी गोष्ट तिच्या मनात वर आली. नवरा जाऊन दोन वर्षं झाल्यावर तिचा भाऊ एक स्थळ घेऊन आला होता. अमळनेरचा माणूस होता, पिठाची गिरणी चालवायचा. बायको बाळंतपणात गेलेली. योगराजलाही सांभाळीन म्हणाला होता. मंजुळाच्या सासूनं नाही म्हटलं नाही. रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त मंजुळाला हाताला धरून मागं नेलं आणि परस दाखवलं. म्हणाली, हे सगळं तुझंच आहे. झालं, तेवढ्यावर विषय मिटला. भाऊ चहा पिऊन परत गेला. तुला काय वाटतं, असं त्यानंही विचारलं नाही आणि सासूनंही नाही. त्या माणसाचं नावसुद्धा तिला कधी कळलं नाही. पण पुढे कितीतरी वर्षं अमळनेरवरून जाताना पिठाच्या गिरणीचा आवाज आला की तिची मान आपोआप तिकडे वळायची.

दोन दिवसांनी, दातांच्या डॉक्टरकडे जाते सांगून, ती एसटीनं दोंडाईच्याला गेली. व्याही दुकानात होते, त्यांना घरी बोलावून घेतलं. पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आतच ती म्हणाली, "हेमलतासाठी स्थळ देखा."

ज्ञानेश्वर बघतच राहिले. मुलीच्या विचारानं त्यांनाही झोप नव्हती, पण तिच्या सासरी हा विषय काढायची छाती झाली नव्हती. "इहीनबाई, हाई तुम्ही सांगी राह्यनात?" असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावला. त्यांच्या बायकोनं उठून मंजुळाबाईचे हात धरले.

घरी हे सांगितलं तेव्हा मात्र उलटंच झालं. हेमलता मुळे उपटत होती. ऐकून ती ताठ उभी राहिली.

"माले काढी राह्यनात का घरमाईन?"

"नही वं पोरी."

"मंग? मी जड व्हयनू तुमले?"

ती आत गेली, आणि पुढचे आठ दिवस सासूशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, वाफ्यांना पाणी द्यायची, शेंडे खुडायची, पण तोंडातनं शब्द नाही. नवव्या दिवशी मंजुळाबाई वांग्यांच्या सरीत तिच्यासमोर येऊन बसली आणि गिरणीवाल्याची गोष्ट तिनं सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तीही सुनेला. सांगताना तिची नजर मातीवर होती.

हेमलतानं सगळं ऐकलं. तिचे डोळे भरले होते, तरी आवाज कडक होता. "तुमले तरास व्हयना म्हणीसन माले बी व्हई, हाई कोनी सांगं?"

तिचं बरोबर होतं. 

"कोनीच नही सांगं," मंजुळाबाई म्हणाली. "माले कोनी इचारंच नही व्हतं, एवढंच. मी तुले इचारस. नको व्हई ते 'नही' म्हन. आठे ऱ्हाय, मी मरेपर्यंत ऱ्हाय. पन तुना तोंडथून म्हन."

हेमलता रडली. वर्षभरात सासूसमोर ती पहिल्यांदाच अशी रडली, आणि मंजुळाबाई या वेळी उठून चुलीकडे गेली नाही. बराच वेळ दोघी त्या सरीतच बसल्या. शेवटी हेमलता म्हणाली, "माले येळ लागी." सासू म्हणाली, "लागू दे."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. मंजुळाबाईचा दीर मोतीलाल दुसऱ्या गल्लीत राहायचा. तो आला आणि दारातच सुरू झाला. सून दुसऱ्याच्या घरात घालणारी सासू आपल्या घराण्यात झाली नाही, भावाच्या नावाला काळं लागेल, असं बरंच काही. शेवटी म्हणाला, "लोक काय म्हनतीन, वहिनी?"

मंजुळाबाई वालाच्या शेंगा मोडत होती. "लोके तीस वरीस माले चांगलंच म्हनत ऊनात, मोतीलालभाऊ. त्यानं माले काय भेटनं?"

 मोतीलाल तसाच गेला, आणि नंतर सहा महिने त्या घराची पायरी चढला नाही.

पहिलं स्थळ आलं ते हेमलतानं नाकारलं. तो माणूस पूर्ण वेळ फोनवर होता आणि मूल का झालं नाही, एवढंच त्यानं विचारलं. ज्ञानेश्वर जरा नाराज झाले. मंजुळाबाईनं त्यांना स्पष्ट सांगितलं की पोरगी नाही म्हणाली, म्हणजे नाही.

मग मार्गशीर्षात धर्मेंद्र आला. धुळ्याला जळालेल्या विजेच्या मोटारींची वाइंडिंग भरून द्यायचं त्याचं छोटं दुकान. पस्तिशीचा, बायको आजारानं गेलेली. तो आईला घेऊन आला होता आणि दाखवण्याचा कार्यक्रम नको म्हणाला होता. चंपाषष्ठी नुकतीच झाली होती. वीतभर लांब वांगी झाडांना लोंबत होती. हेमलतानं परसात कपाशीच्या काड्यांवर ती भाजली, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचली, वर कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जेवताना भिंतीवरच्या योगराजच्या फोटोकडे धर्मेंद्रचं लक्ष गेलं. तो पाणी पिऊन म्हणाला, "ट्रॅक्टरचं काम करायचे ना ते? आमच्या गल्लीतले एक जण सांगत होते, हात फार चांगला होता म्हणून."

 हेमलता भाकरी वाढायला वाकली होती, ती क्षणभर तशीच थांबली. या घरात वर्षभर योगराजचं नाव निघालं की लोक आवाज खाली घ्यायचे. हा माणूस त्याच्याबद्दल एखाद्या ओळखीच्या कारागिराबद्दल बोलावं तसं बोलला होता. जाताना धर्मेंद्रनं हेमलताला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे का मला?" तिनं विचारलं. दोघं परसात जाऊन घटकाभर बोलत उभे राहिले. काय बोलले ते मंजुळाबाईनं कधी विचारलं नाही. तीन दिवसांनी हेमलता चहाची कपबशी तिच्यासमोर ठेवत म्हणाली, "व्हय सांगा त्यासले."

लग्न माघात झालं, दोंडाईच्याला, देवळात, पन्नास माणसांत. हळदीला मंजुळाबाई गेली नाही. ते तिचं तिनंच ठरवलं. लग्नाला गेली आणि मागच्या बाजूला उभी राहिली. अक्षता तिनं टाकल्या. योगराजच्या लग्नात याच मुलीच्या अंगावर तिनं अक्षता टाकल्या होत्या. नंतर हेमलता पाया पडायला आली, तेव्हा मंजुळाबाईला आशीर्वादाचं वाक्य आठवेना. तिनं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ.

संध्याकाळच्या एसटीनं ती एकटी परतली.

खोटं कशाला सांगा, ते दिवस तिला फार जड गेले. घर खायला उठलं. आपण हे काय करून बसलो, असंही एकदोनदा तिच्या मनात आलं. ओळखीचं कोणी भेटलं तर तिच्याशी बोलणं टाळून निघून जायचं. एक मंदाबाई नावाची म्हातारी तेवढी मुद्दाम घरी आली. तिची नात विधवा होऊन माहेरी बसली होती. तिनं फार काही न बोलता एवढंच विचारलं, "कसं सांगं वं तू व्याह्यासले?" मंजुळाबाईनं तिला बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं.

फाल्गुनात मंजुळाबाईला ताप भरला. कुंदाबाईनं धुळ्याला फोन केला. दुपारी धर्मेंद्र हेमलताला मोटारसायकलीवरून सोडून गेला. आपण चार दिवसांनी नेऊ, तोवर राहू द्या, म्हणाला. ताप उतरला, आणि चौथ्या दिवशी सकाळी हेमलता परसात गेली. ऊन चढू लागलं होतं. मेथीला शेंगा धरल्या होत्या, पालक फुलावर गेला होता, वांग्यांची झाडं थकून पिवळी पडली होती. तिनं पदर खोचला आणि एकेक झाड मुळासकट उपटून कुडापाशी रचायला घेतलं. मंजुळाबाई मागच्या पायरीवर चादर लपेटून बसली.

"ते मधलं राहू दे," ती म्हणाली. "त्यावरलं वांगं पिवळं व्हऊ दे. बी धरसूत."

हेमलतानं ते झाड सोडलं आणि पुढच्याला हात घातला. बारा वाजायच्या आत परस साफ झालं. धर्मेंद्रची मोटारसायकल दारात वाजली, तेव्हा तिचे हात अजून मातीतच होते. मंजुळाबाईनं तिला हात धुवायला पाणी घातलं.