व्याह्याच्या फाटकापर्यंत

माझ्या रक्तात साखर निघाली, तेव्हा बायकोला झालेला आनंद तिला नीट लपवता आला नाही. तीस वर्षं ती माझ्या ताटातला दुसरा लाडू उचलून नेत होती, आता तिच्या बाजूनं डॉक्टर उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, जमलं तर पळा. चालणं मला कमीपणाचं वाटलं. परभणीत सकाळी सगळेच चालतात, आणि चालताना निम्मा वेळ प्लॉटच्या भावाबद्दल बोलतात. मी पळायचं ठरवलं.

पन्नाशी ओलांडलेला माणूस आमच्याकडं सकाळी रस्त्यानं पळताना दिसला, तर लोक आधी त्याच्या मागं कोण लागलंय ते बघतात. त्यामुळं हे पळणं रीतसर आहे, हे दाखवणारं काहीतरी अंगावर हवं होतं. जावयानं मनगटावरचं घड्याळ आणून दिलं. लेकीनं दिवाळीत माहेरी आल्यावर माझ्या मोबाईलवर ॲप टाकलं, चार ठिकाणी बोटं दाबली आणि म्हणाली, आता पळा.

हे घड्याळ वेळ सांगतं, पण त्याला वेळेत फारसा रस नाही. नाडी, पावलं, वेग, घाम, झोप, सगळ्याची चौकशी करतं. सकाळी मला छान झोप झाल्यासारखं वाटायचं. घड्याळ म्हणायचं, झाली नाही. मग मी घड्याळावर विश्वास ठेवून कचेरीत दिवसभर जांभया द्यायचो. बायको म्हणायची, तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही आणि या डबीचं ऐकता.

ॲपवर आमच्या शहरातल्या पळणाऱ्यांचा एक ग्रूप होता. माझी साखर शोधून काढणारे डॉक्टरही त्यातच होते, म्हणजे आजार आणि उपाय दोन्ही त्यांच्या नजरेखाली. दर रविवारी सगळ्यांच्या वेगाची यादी लागायची. मी खालून दुसरा होतो. माझ्या खाली एक वकील होते आणि त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. तरी रोज पळून आलो की मंडळी अंगठे पाठवायची. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण एका दिवसात एवढी शाबासकी मला कचेरीत कुणी दिली नव्हती. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

ग्रूपचा एक कडक नियम होता. वाटेत थांबलात तर थांबलेला वेळही धरायचा. आणि मी पळायचो झरीच्या रस्त्यावर, जिथं न थांबता पळणं हा जवळजवळ गुन्हा आहे. आमच्या भागात माणूस पायी दिसला की गाडी थांबवून त्याला बसवायचं, यात ओळखपाळख बघत नाहीत. दुधवाला थांबायचा, मास्तर थांबायचे, एकदा तर कापसाचा टेम्पो थांबला. कुठं निघालात, बसा. मी म्हणायचो, पळायलोय. मग प्रश्न यायचा, कामून, गाडी बिघडली का? एवढं बोलणं होईपर्यंत माझा वेग वकिलाच्या पायावर यायचा.

शेवटी मी एक युक्ती काढली. न थांबता हसायचं, डावं मनगट वर करायचं आणि उजव्या हाताच्या बोटानं घड्याळावर टकटक करायचं. म्हणजे, माझी मोजणी चालू आहे, माफ करा. लोकांना त्यातून एवढंच कळायचं, की याला उशीर झालाय. मग ते जास्तच आग्रह करायचे.

माझ्या घरापासून पाच किलोमीटर जिथं पुरे व्हायचे, तिथं माझ्या व्याह्याच्या आखाड्याचं फाटक होतं. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. माझी एकुलती एक लेक त्या आखाड्यावर नांदते. हे काही मी ठरवून केलं नव्हतं. घड्याळ बरोबर त्या फाटकापाशी हातावर थरथरायचं आणि मी वळायचो. आत जायचा प्रश्नच नव्हता. व्याह्याच्या दारात माणूस जातो तो इस्त्रीच्या कपड्यात, हातात काहीतरी घेऊन. मी असायचो गुडघ्याच्या वरच्या चड्डीत, घामानं निथळत, रिकाम्या हातानं. बायकोनं तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की त्या अवतारात व्याह्यांच्या ओट्यावर दिसलात तर घरी येऊ नका. तिचा हुकूम आणि घड्याळाचा हुकूम एकाच जागी पडत होता, मला आणखी काय हवं?

आषाढात एका सकाळी पाय नुसते उडत होते. असा दिवस मला पुन्हा आला नाही. फाटक एक किलोमीटरवर राहिलं होतं आणि मागून मोटरसायकल आली. व्याही होते. गावात दुधाचा रतीब घालून रिकाम्या कॅनसह परत निघाले होते. गाडी माझ्या बरोबरीनं हळू केली आणि म्हणाले, "बसा पाव्हणं." बोलायला श्वास नव्हता. हसलो की नाही तेही आठवत नाही. मी मनगट वर केलं आणि घड्याळावर टकटक केली. ते थोडा वेळ तसेच बाजूनं येत राहिले, मग एकदम गाडी पुढं काढली. फाटकापाशी घड्याळ थरथरलं, मी वळलो. त्या रविवारी यादीत मी एका ज्युनिअर इंजिनिअरच्या वर गेलो. अंगठ्यांचा पाऊस पडला. मी बायकोला यादी वाचून दाखवली, तिनं भाजी निवडता निवडता ऐकली.

श्रावण लागला आणि पंचमी जवळ आली. आमच्याकडं पंचमी ही लेकींची. दिवाळी एक वेळ चुकली तर चालते, पंचमी नाही. लेक पाच किलोमीटरवर असो नाहीतर पाचशे, तिला आणायला माहेरचा मुराळी जावा लागतो, त्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. दरवर्षी मीच मुराळी. बायकोनं व्याहिणीला फोन करून विचारलं, कोणत्या दिवशी पाठवू यांना? व्याहीण म्हणाल्या, बघते, यांला विचारून सांगते. बायकोनं फोन ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. लेक देणाऱ्या बाईला "विचारून सांगते" याचा अर्थ लगेच कळतो.

दोन दिवसांनी फोन आला तो लेकीचं लग्न जमवणाऱ्या मामांचा. ते बायकोचे मामा, दोन्ही घरांतला निरोप त्यांच्यामार्फतच चालतो. म्हणाले, खुरपणीचं लय काम हाय, यंदा पंचमीला सून पाठवणं जमणार न्हाई म्हणलेत. मी म्हणालो, खुरपणी काय दरवर्षी नसते का? त्यावर मामांनी विचारलं, तुमी रस्त्यात व्याह्यांला घड्याळ दाखवलं का? बायको शेजारीच उभी होती आणि फोनचा स्पीकर चालू होता.

त्यानंतर घरात जे दोन दिवस गेले, त्यांची नोंद घड्याळानं नाडीच्या रूपात ठेवली आहे. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं लेकीसाठी आणलेल्या बांगड्या कपाटातून काढल्या, पुन्हा ठेवल्या आणि लाह्या भाजायला घेतलेली ज्वारी डब्यात परत ओतली. मला लेक घरी हवी होती. आमच्या घराला आवाज येतो तो तिच्याच चार दिवसांत, एरवी आम्ही दोघं टीव्हीला बोलू देतो. आणि माझ्या एका टकटकीनं ते चार दिवस गेले होते.

मी ठरवलं, जाऊन खुलासा करायचा. माझ्याकडं पुरावा होता. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, पेढ्यांचा खोका घेतला आणि स्कूटरवरून निघालो. पाच किलोमीटर इतके थोडे असतात हे मला पहिल्यांदाच कळलं. व्याही ओट्यावर बाजेवर बसले होते, अंगात बंडी आणि नाड्याची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. उठून रामराम केला, पाणी मागवलं, बसा म्हणाले. पाणी व्याहीण घेऊन आल्या, लेक दिसली नाही.

मी मोबाईल काढून ॲप उघडलं. त्यांना समजावलं, की त्या दिवशी मी वेळ दाखवत नव्हतो, ही मोजणी असते, थांबलं की मोडते. हे बघा नकाशा. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल हातात घेतला आणि बोटानं निळ्या रेघेवरून हळूहळू निघाले. हे तुमचं घर का? हो म्हणालो. हा ओढा, ही विजेची डीपी. बोट जिथं रेघ वळली होती तिथं थांबलं.

"हे तर माझं फाटक हाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, हो, तिथंच पाच पुरे होतात. मग त्यांनी दुसऱ्या दिवसाची रेघ बघितली, मग तिसऱ्या. मला वाटलं, त्यांना गोडी लागली. त्यांनी विचारलं, रोज येता का इथवर? आणि ग्रूपला सांगायची सवय झालेल्या मी, छाती पुढं काढून सांगितलं, "रोज. दिवाळीपासून एक खाडा नाही."

हे शब्द तोंडातून गेले आणि मग माझ्या कानात आले. आठ-नऊ महिने मी व्याह्याच्या फाटकापर्यंत येऊन माघारी जात होतो, आणि त्याचा नकाशा मीच त्यांच्या हातात दिला होता. माझ्या बाजूचा म्हणून आणलेला साक्षीदार भर कोर्टात फिरला होता. मी घाईनं कपड्यांचं सांगितलं, रिकाम्या हाताचं सांगितलं, बायकोचा हुकूमही सांगितला. त्यांनी चष्मा काढला.

"चड्डीचं काय घेऊन बसलात? मी कशावर बसलोय मग?"

ते मोबाईलकडं बघत, आवाज न चढवता सांगत राहिले. मी गाडीवर बसलो नाही याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. माणूस पळतोय, पळू द्या. माझं रोजचं वळणं त्यांना आधीच ठाऊक होतं, मघाशी विचारलं ते माझ्या तोंडून यावं म्हणून. पंचमीला नाही म्हणाले ते एवढ्यासाठी, की मी या ओट्यापर्यंत यावं. साध्या निरोपानं मी आलो नसतो, रस्त्यातूनच हात केला असता. आणि मग त्यांनी घराच्या दाराकडं बघून आवाज खाली घेतला.

"तुमी घरून निघालात की तिच्या मोबाईलवर दिसतंय म्हणं. तिनंच तसं करून ठेवलंय. मला म्हणती, मामा, पप्पा निघाले. मग चहा ठेवती. तुमी फाटकापाशी आलात की कप भरून हितं येऊन उभी राहाती. तुमी वळता. पण हाक मारत न्हाई, म्हणती, पप्पांची मोजणी मोडंल."

मी फाटकाकडं बघितलं. ओट्यावरून ते सगळं दिसत होतं, रस्ता, बाभूळ, मी वळायचो ती जागा. लांब नव्हतं. मी एकदा मान वर केली असती तर मलाही ती दिसली असती. मी मात्र प्रत्येक वेळी मनगटाकडं बघत होतो. डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही, व्याह्यांपुढं आणखी काय लपवायचं राहिलं होतं?

"टाकून कसा द्यायचा म्हणून त्यो चहा मी पितो," व्याही म्हणाले. "दिवाळीपासून. तुमच्यासाठीचा म्हणून त्यो बी बिनसाखरेचा."

तेवढ्यात लेक चहा घेऊन बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं असणार, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मागं दारात तिची पिशवी भरून ठेवलेली दिसत होती. ताटलीत दोन कप होते. एक तिनं माझ्या हातात दिला आणि मी पिईपर्यंत तिथंच उभी राहिली. व्याह्यांनी आपला कप उचलला, एक घोट घेतला आणि तिच्यापुढं परत केला.

"आज माझ्यात साखर घाल, बाई," ते म्हणाले. "आज त्यांचा त्यांनी पिलाय."