माझ्या सेमिनारचा प्रॉम्प्टर

माझी चूक एवढीच की मी मामाला बोलावलं. बाकी सगळं मामानं केलं.

इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. फेब्रुवारीत कॉलेजात रिसर्च सेमिनार ठेवला होता आणि पुण्याच्या एका कंपनीचे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. सगळ्यांचे प्रोजेक्ट ऐकून ते एकाच विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला नेणार होते. ती जागा मला हवी होती. नुसती हवी नाही, जीव अडकला होता तिच्यात. प्रोजेक्टही माझा खणखणीत होता: तलावात तरंगणारा डबा. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की तो फोन वाजवतो, म्हणजे मासे मरायच्या आधी माणूस तलावावर पोचतो. आमचं घरच मासेमारीवर चालतं, त्यामुळे विषय शोधायला मला कुठं जावं लागलं नव्हतं.

अडचण माझ्या तोंडाची. घरी मी इतकी बोलते की आई कानात बोटं घालते, पण माइक दिसला की दातखीळ बसते. तिसऱ्या वर्षाला मी स्टेजवर जाऊन तीनदा ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि खाली उतरले. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

मामा वडशाला, झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. आमच्या पूर्व विदर्भात हिवाळाभर गावोगाव नाटकं होतात. नट आज या कंपनीत तर उद्या त्या, पाठ करायला वेळ कुणाला? विंगेत बसलेला प्रॉम्प्टर वाक्य देतो, नट ते झेलतो आणि टाळ्या घेतो. मी मामाला फोन लावला.

“मामा, मले फक्त पडद्यामागून वाक्य दे. भाषण इंग्रजीत आहे, पण अक्षरं आपली मराठीच लिहीन.”

“मले काय, वही असली म्हंजे झालं,” मामा म्हणाला. “अंक किती हायेत?”

वही मी नाटकासारखीच लिहिली, कारण मामाला तशीच वाचता येते. आधी भाषण. मग प्रश्नोत्तरं, तीही मराठीत, कारण तेवढं मराठीत चालेल असं सेमिनार घेणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं. ‘पाहुणे: अमुक. मी: तमुक.’ आणि शेवटी गंमत म्हणून, ‘पाहुणे: (उठून) शाब्बास! ही मुलगी आमच्या कंपनीत पाहिजे!’ अहो, वही आपलीच, लिहायला काय जातं?

सेमिनारच्या सकाळी मामा रात्रभरचा प्रयोग आटपून तसाच एसटीनं आला. डोळे लाल, गळ्यात मफलर. पडद्यामागं खुर्ची टाकून बसला. पडद्याच्या या बाजूला, त्याला खेटूनच, सोफा. सोफ्यावर पाहुणे. आपल्याकडे पाहुण्यांना स्टेजवरच बसवायची पद्धत, त्याला मी काय करणार?

भाषण झकास झालं. मामा बोलला, मी झेललं. एकदाच घोटाळा झाला. मामानं मध्येच आपल्या मनानं ‘थांब, टाळी येईल’ असं सांगितलं आणि मी तेही माइकवर म्हटलं. पोरांनी टाळी दिली मात्र.

मग प्रश्नांची वेळ आली. पाहुणे सकाळपासून अकरा प्रोजेक्ट ऐकून पेंगुळले होते. मॅडम म्हणाल्या, “सर, काही विचारायचंय?” सर गप्प. हॉल गप्प. आता मामाच्या धंद्यात स्टेजवरचा माणूस गप्प बसला म्हणजे तो वाक्य विसरला. मग तो राजा असो की शिपाई, वाक्य द्यायचं.

“सेन्सरवर शेवाळ चढलं तर?” पडदा बोलला.

पाहुणे दचकून सरळ बसले. “हां... सेन्सरवर शेवाळ चढलं तर?”

बाप्पा! मी तिथूनच पळणार होते. पण उत्तरही पडद्यानं दिलं आणि मी ते म्हटलं. असे तीन प्रश्न झाले, ओळीनं, माझ्या वहीतले. पाहुणे किती मुद्द्याचं विचारतात, या कौतुकानं मॅडम मान हलवत होत्या. पुढं काय लिहिलंय ते मला एकटीला ठाऊक. मी खोकले, डोळे वटारले, पाठीमागं हात नेऊन खुणा केल्या. मामाला वाटलं, पोरगी अभिनय करून राह्यली.

“उठून,” मामा म्हणाला. पाहुणे उठले.

“शाब्बास!”

“शाब्बास!” पाहुणे म्हणाले.

“ही मुलगी...”

“ही मुलगी...” इथं त्यांची झोप उडाली. त्यांनी वळून पडदा सारला.

मफलर, चष्मा, मांडीवर वही, वाक्यावर बोट. मामानं मानसुद्धा वर केली नाही. उलट खेकसला, “अवो साहेब, जोरात बोला ना! मागच्यायले आयकू येऊन नाई राह्यलं!”

हॉल फुटला. पोरं बाकावर पालथी पडून हसली. माझी मात्र इंटर्नशिप डोळ्यांदेखत बुडाली होती. पाहुण्यांनी हात पुढं करून वही घेतली आणि ते माझ्याकडे वळले.

“आता सांगा. मासे पहाटेच का मरतात?”

सवयीनं मी मामाकडं पाहिलं.

“माह्याकडं काऊन पाहून राह्यली? हे तू लिवलंच नाई!”

मला असा राग आला! मामाचा, पाहुण्यांचा, माझा स्वतःचा. आणि रागात माझं तोंड सुटतं.

“अजी सर, शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू बनवते, पण रात्री ते बी श्वासच घेते ना! पहाटेपर्यंत पाण्यातला सारा खपते. आदल्या दिवशी आभाळ असलं तर पुरेसा बनतच नाई. मंग रोहू वर येऊन तोंड उघडून राह्यते. पण त्या वक्ती साऱ्यायचे डोळे मिटले असतात!” शेवटचं वाक्य मी जरा जास्तच त्यांच्याकडं बघून म्हटलं.

पाहुणे वही चाळत होते. “हे प्रश्न कुणी काढले?”

“मीच.”

“उत्तरं देणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत,” ते वही मिटत म्हणाले. “परीक्षा झाली की या. जागा तुमची.”

माझ्या तोंडून साधं ‘धन्यवाद’ फुटेना. हॉल थांबलेला, मॅडम थांबलेल्या, पाहुणे थांबलेले. निदान एक शब्द मिळेल म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. समोरचा अडला आणि मामानं वाक्य दिलं नाही, असं वडशात आजवर कुणी ऐकलेलं नाही.

मामा मफलर तोंडात कोंबून रडत होता.