बारा फुटांची परवानगी

आमच्या वायरलेस ऑफिसात दिल्लीच्या पत्राला न भिणारा प्राणी एकच, तो म्हणजे आवारात घुसणारी गवळ्याची म्हैस. बाकी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे चळाचळा कापत. मेकॅनिक रेवणसिद्धची तऱ्हा मात्र वेगळी होती. तो भीतही नसे आणि कुरकुरतही नसे, नियम म्हणजे नियम म्हणून पाळत असे. मी तिथला टायपिस्ट, मूळचा नातेपुत्याचा आणि जिभेचा तिखट, त्यामुळे त्याचा हा गुण माझ्या डोक्यात जाई.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात आमच्या आवारात साठ फुटी लोखंडी मास्ट उभा राहिला. त्याच्या टोकाला परातीएवढी डिश, पंचवीस मैलांवरच्या दुसऱ्या डिशकडे रोखलेली. मास्ट उभा राहावा म्हणून तीन बाजूंनी ताणाच्या तारा बांधल्या. रस्त्याच्या बाजूला आवारात जागा पुरेना, म्हणून तिसरी तार रस्ता ओलांडून समोरच्या गोदामाच्या भिंतीत ठोकली. खालून ट्रक आरामात जाई. पण तो रस्ता संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा, हे बाहेरगावच्या ठेकेदाराला कोण सांगणार? तीस फुटांच्या त्या काठ्या उभ्याच न्यायच्या. वाटेत तार आली म्हणून आडव्या करायच्या नाहीत.

आणि त्या वर्षी आमच्याच दारासमोरच्या टप्प्यात काठी पेलायची पाळी रेवणसिद्धची होती. पंधरा वर्षं तो चुलत्यांच्या, बसप्पाकाकांच्या, हाताखाली नुसता बाजूने चालला होता. त्याच्या बायकोने, रत्नम्मावहिनींनी, त्याला नवी पांढरी बाराबंदी शिवून ठेवली होती.

उपाय सोपा होता. मास्ट बारा फूट मागे घ्यायचा, की तार आवारातच राहते. पण लायसनवर मास्टची जागा, उंची आणि डिशची दिशा लिहिलेली. यातलं काहीही बदलायचं तर आधी दिल्लीची मंजुरी, मग पान्याला हात. मी अर्ज टाईप केला. चार प्रती, नकाशा, विमानतळापासूनचं अंतर. बारा फुटांनी विमानतळ कुठे पळून जातो, हे मला आजतागायत कळलेलं नाही!

भोगीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. 'नकाशाची चौथी प्रत जोडलेली नाही. मंजुरी मिळेपर्यंत यंत्रसामग्री हलवू नये.'

"सरकव रे," साहेब म्हणाले. "दिल्लीला काय दिसतंय?"

"दिल्लीला न्हाय दिसत साहेब, मला दिसतंय की," रेवणसिद्ध म्हणाला. "जागा न्हाय बदलायची. पर तार लायसनात कुटं हाय? ती दोन तास सोडू. दोर लावू, आत उभं राहून हातानं धरू."

त्याच दुपारी ऑफिसातल्या दोन खलाशी मजुरांना दोर देऊन पाहिला. ते बैल ओढावा तसे ओढू लागले. आत सिग्नलचा जोर दाखवणारा यंत्राचा काटा झपकन खाली आला आणि मी खिडकीतून बोंबललो. मग रेवणसिद्धने दोर घेतला. काटा वर गेला आणि तिथेच राहिला. हा दोर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला धरता येणार नाही, हे मलाही कळलं आणि त्यालाही.

संध्याकाळी त्याने बसप्पाकाकांना सांगितलं, "माझी पाळी गुरप्पाला द्या." गुरप्पा त्याचा धाकटा भाऊ.

"पंदरा वर्सं वाट बघितलीस, आन् तारेपायी सोडतोस व्हय?" काकांनी पाठ फिरवली ती फिरवलीच.

मी त्याला सरळ म्हटलं, "अण्णा, तू येडा आहेस." नुसता हसला तो. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

संक्रांतीला तो ऑफिसात आला तो बाराबंदी घालून. तार सोडली, दोर कमरेला वळसा घालून हातात घेतला, कुंपणाच्या भिंतीपाशी पाय रोवले. मी काट्यापाशी बसलो. हलगी जवळ आली. पहिली काठी गेली, दुसरी गेली. काटा जागेवर. सात काठ्यांना दीड तास लागणार होता आणि वारा सुटला होता.

चौथी काठी गुरप्पाच्या कमरेवर होती. पुढे बसप्पाकाका उलटे चालत, डोळे काठीच्या शेंड्याला लावून. आमच्या भिंतीपाशी आल्यावर त्यांची नजर सहज आत गेली. तिथे पांढऱ्या बाराबंदीतला पुतण्या तसाच मास्टच्या शेंड्याकडे बघत उभा होता, घामाने निथळत.

"बिडबेडऽऽ!" काका कानडीत ओरडले. सोडू नको! काठी पेलणाऱ्यांना ते नेहमी तसंच ओरडत. पण या खेपेला त्यांचं तोंड गुरप्पाकडे नव्हतं.

सातवी काठी गेली. तार पुन्हा ठोकली. मी नोंदवहीत लिहिलं, मास्ट जागेवर, दिशा तीच. रेवणसिद्धचे तळवे सोलून निघाले होते.

दिवेलागणीला काका आले. त्यांनी त्याच्या कपाळाला विभूती लावली, ते तळवे उलटेपालटे करून पाहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "टायपिस्टसाहेब, कळवा तुमच्या दिल्लीला. औंदा आमच्या घरानं दोन काठ्या पेलल्या."