बसा जरा, यादी आणून राहिलो

“राहू दे ना वं, कोणाले त्रास देऊन राहिलं ते?” प्रोग्राममधली जुनी ओळ पुसायला सांगितली की भाऊ चष्मा कपाळावर सरकवून हेच म्हणायचे. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

आमचं ऑफिस सीताबर्डीत, मोबाईल कव्हरच्या दुकानांवर. कळमेश्वरच्या एका डायलिसिस केंद्रासाठी भाऊंनी फार पूर्वी प्रोग्राम लिहिला होता. आता त्यातले जावास्क्रिप्टचे जुने कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचे सुटे भाग, ‘क्लास’ नावाच्या नव्या पद्धतीत लिहायचे होते. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “हे त्यांना जमलं तरच ते राहतील.” म्हणजे मास्तरकी माझ्या गळ्यात.

“भाऊ, स्क्रीन उघडताच काय दिसावं, हे जुन्यात एका वेगळ्या फंक्शनमध्ये असायचं. क्लासमध्ये त्याला कोणी विचारत नाही. सुरुवातीची स्टेट, म्हणजे आधी दिसायचं ते, क्लासच्या अगदी वरती कन्स्ट्रक्टरमध्ये लिहा आणि ते फंक्शन काढा.”

“समजलं.”

डोंबलाचं समजलं. प्रत्येक फाइलीत ते फंक्शन जसंच्या तसं, कन्स्ट्रक्टरचा पत्ता नाही. मी चिडले की डब्यातली सांभारवडी पुढे करायचे. धड रागावूही द्यायचे नाहीत.

शेवटी साहेबांसमोर स्क्रीन उघडली. पांढरीफटक. पेशंटची यादी नाही, काही नाही.

“काल तं चालून राहिलं होतं,” भाऊ म्हणाले. काल त्यांनी जुनाच प्रोग्राम उघडून पाहिला होता. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. “काहून नाही काढलं, भाऊ?”

“त्यात माही एक ओळ आहे वं. तिथल्या सिस्टरले हसू येते वाचून. माह्या हातानं कशी पुसू?”

“पुसायची कुठे होती? उचलून वरती ठेवायची होती फक्त.”

“असं होय,” म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

महिनाअखेर भाऊ पारशिवनीला, गावी गेले. त्यांची फाइल माझ्याकडे आली. फंक्शन काढलं, आतली ओळ कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवली. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी माणसानं नोकरी घालवावी, याला काय म्हणायचं?

आता कळमेश्वरला स्क्रीन उघडली की यादीआधी त्यांची ओळ येते: ‘बसा जरा, यादी आणून राहिलो.’ पण तिथलं इंटरनेट आता फार वेगवान झालंय. ओळ वाचून होण्याआधीच यादी येते, आणि माझं डोकं फिरतं.