आधी तुम्ही निजा

"आधी तुम्ही निजा," असं म्हणून बाई रिकाम्या खाटेवर हाताने थापटत. रोग्याला घेऊन आलेला माणूस त्या खाटेकडे बघे, मग बाईंकडे, मग दाराकडे. दुखणं बापाचं आणि निजायचं मुलाने, हे गणित कुणालाच चटकन सुटत नसे. पण बाई हलत नसत. शेवटी माणूस मुकाट्याने पायातलं काढून आडवा होई. पुढे पुढे तर हे बघायला मी हातातला खल तसाच ठेवून औषधांच्या खोलीतून बाहेर येऊ लागलो.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका लहानशा धर्मादाय इस्पितळात कंपौंडर होतो, आणि बाई तिथल्या पुरुषांच्या वॉर्डात नर्स. त्या काळी बाईमाणसाने परक्या पुरुषांची अंगं पुसावीत, याचंच लोकांना नवल वाटायचं. त्यात ही बाई धडधाकट माणसांनाही निजवते म्हटल्यावर गावात चर्चा व्हायला उशीर लागला नाही.

एकदा एक खोत आपल्या भावाला घेऊन आले. भावाला अर्धांगाचा झटका आला होता. बाईंनी खोतांना पागोट्यासकट निजवलं, मानेखालची उशी काढली आणि चमच्याने पेज पाजायला सुरुवात केली. दुसऱ्याच चमच्याला खोतांना असा ठसका लागला की पागोटं खाटेखाली गेलं. बाईंनी ते उचलून दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या भावाला नीट ठसकतासुद्धा यायचं नाही. म्हणून आधी मान वर, मग चमचा." नंतर खोत रोज स्वतःच्या हाताने भावाला भरवत आणि दुसऱ्या कुणालाही चमचा धरू देत नसत.

बाईंच्या बऱ्याच गोष्टी मी टिपून ठेवल्या होत्या, डोक्यात. रोग्याला हात लावण्याआधी त्या तळवे एकमेकांवर चोळून ऊन करत. शौचाचं भांडं ऊन पाण्याने शेकवल्याशिवाय कुणाखाली सारत नसत. चादरीवरून हात फिरवताना बोटाला सुरकुती लागली की थांबत आणि म्हणत, "ही आजची सुरकुती, उद्याची जखम." तुम्ही कधी आजाऱ्यापाशी बसला असाल तर बघा, आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. बाई तोंडाकडे सर्वांत शेवटी बघत. आधी टाचा, मग कंबर, मग पाठ. शस्त्रक्रिया डॉक्टरांची, त्यानंतर त्या माणसाच्या पाठीला जखम होऊ न देणं हे बाईंचं काम, आणि त्यात त्या दुसऱ्या कुणाची लुडबूड चालू देत नसत.

मला नसत्या चौकशा करायची खोड. एकदा विचारलंच, की बाई, हे निजवण्याचं खूळ कुठून आणलंत? त्या पट्ट्यांची गुंडाळी करत होत्या. म्हणाल्या, मुंबईला शिकायला होते तेव्हा मलाच ताप आला आणि माझ्याच वॉर्डात मला निजावं लागलं. "खाटेवरून माणसं फार उंच दिसतात हो, आणि सगळी आपल्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात." एवढं बोलून त्यांनी पुढची पट्टी घेतली.

खोटं कशाला सांगू, एका दुपारी वॉर्डात गर्दी नव्हती तेव्हा मीही निजून पाहिलं. वर कौलं, कौलांत एक पाल. झाडूवाला माझ्या उशाशी उभा राहून पलीकडच्या खाटेवरच्या माणसाशी मासळीच्या भावाबद्दल बोलत होता. दोघांनाही मी दिसत नव्हतो. मला उगाचच राग आला. उठल्यावर कळलं की मी निजलो होतो तो अगदी थोडा वेळ.

बाई संगमेश्वराकडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या. माहेरी आई आणि भाऊ. वर्षातून एकदा त्या माहेरी जात, पण इस्पितळात सगळ्या जातींची अंगं पुसणाऱ्या बाईचं पान घरात मांडलं जात नसे. पडवीत वेगळं ताट. हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पडवीत वारा छान लागतो.

आता त्या खलाशाची गोष्ट सांगतो, कारण बाई म्हटलं की मला तोच आठवतो. खाडीपलीकडे, भाट्याच्या पुढचं त्याचं गाव. मचव्यावर माल चढवताना फळीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड ओढून सरळ बसवलं आणि पायाला चिकटपट्ट्या लावून दोरी बांधली. दोरी खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला रेतीची जड पिशवी टांगली. ती पिशवी अष्टौप्रहर टांगलेली राहिली पाहिजे, म्हणजे हाड लांबीला जुळेल. नाहीतर पाय आखूड होईल आणि जन्माचं लंगडेपण येईल.

लंगडेपणाची त्याला धास्ती होती, पण मचव्यासाठी नव्हे. त्यांच्या गावात शिमग्याला देवाची पालखी निघते. देवळातून बाहेर पडताना पहिला खांदा त्याच्या घरचा. मग सहाणेवर, म्हणजे देव टेकवायच्या चौथऱ्यापुढे, पालखी नाचवायची, तीही यानेच. घरात तो एकटा मुलगा, बाप वाकलेला. एक पाय आखूड झाला तर दांडी कलणार, आणि कललेल्या खांद्यावर देव कोण देणार? "बोटीवर काय, लंगडा पण भांडी घासंल," तो मला म्हणाला, "पालखीखाली नाय चालत."

आणि घात केला तो बापाच्या मायेने. म्हातारा रोज तरीतून खाडी ओलांडून येई आणि मुलापाशी बसे. बाई दुसऱ्या रोग्याकडे वळल्या की तो आपल्या पंच्यात गुंडाळून आणलेला पाट हळूच काढी आणि पिशवीखाली सरकवी. पिशवी पाटावर टेके, दोरी सैल पडे, पोराच्या तोंडावर जरा बरं दिसे. निघताना पाट पुन्हा पंच्यात. घरी पाहुण्याला बसायला द्यायचा तो पाट, त्याच्यात विष काय असणार?

बाई रोज सकाळी फितीने दोन्ही पाय मोजत. मोडक्या पायाची लांबी वाढायची थांबली, मग मागे आली, तेव्हा त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. नुसत्या पाळतीवर राहिल्या. पाट हाती लागल्यावर म्हातारा हात जोडून उभा राहिला. "बाय, जनावराला बांधतात तसा बांधलाय वो त्याला. बघवत नाय."

मला वाटलं, आता फैर झडणार. पण बाईंनी शेजारची खाट थापटली. म्हाताऱ्याला निजवलं, त्याच्या पायाला फडकं गुंडाळून दोरी बांधली आणि हलकी पिशवी टांगली. पहिल्यांदा त्याने डोळे गच्च मिटून घेतले. मग एक उघडला. मग काही होत नाही असं बघून दुसराही उघडला. थोड्या वेळाने तो घोरायला लागला. जन्मभर चढण चढलेल्या त्या पायांना बहुधा पहिल्यांदाच कुणी ओढून धरलं होतं. पोरगा बापाकडे बघून इतका हसला की बाईंना दटावावं लागलं. पाट मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला.

शिमगा जवळ आला तसे गावकार दोन माणसं घेऊन आले. गावकार म्हणजे गावच्या देवकार्यातला मुख्य माणूस. म्हणाले, डोली आणली आहे, ह्याला नेतो, दांडीला खांदा लावून लगेच परत आणतो. ह्या घरचा खांदा चुकला तर मान दुसऱ्या भावकीकडे जाईल, आणि गेलेला मान परत येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हाड अजून ओलं आहे, नेलात तर तो पाय तुमचा, परत आणू नका. आणि खलाशी म्हणाला, "मी जातंय." म्हातारा कुणाकडेच बघेना. पाय राखावा तर मान जातो, मान राखावा तर पाय, आणि पाय गेला की मानही आज ना उद्या जाणारच.

बाईंनी गावकारांनाही निजायला सांगितलं. देवाचा माणूस, वयस्कर, गळ्यात माळ. मला वाटलं, इथे बाईंची मात्रा चालायची नाही. पण त्यांनी आवाज चढवला नाही आणि हातही खाली घेतला नाही. गावकार निजले. पायाला पिशवी लागली. त्यांना तसंच ठेवून बाईंनी स्टूल ओढलं, त्यांच्या तोंडाशी तोंड येईल इतक्या खाली बसल्या आणि विचारलं, की मुंबईला असलेला मानकरी शिमग्याला पोचला नाही तर गाव काय करतं?

"पालखीत त्याच्या नावाचा नारळ ठेवतांव, म्हंजी मान त्याचाच ऱ्हातो. कौल घेऊन."

"मग ह्याचा का नको?"

"तो मुंबईला हाय का बाय? ह्यो तर खाडीच्या अलीकडं."

"खाटेला बांधलेला माणूस मुंबईपेक्षा लांब असतो," बाई म्हणाल्या. "तुम्हीच उठून बघा."

गावकारांनी उठायचा प्रयत्न केला नाही. बराच वेळ वरच्या कौलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, पाय सोडा, देवाला विचारून बघतो.

दुसऱ्या दिवशी म्हातारा धापा टाकत आला. "देवाने कौल दिलान," एवढंच त्याला बोलता आलं. मुलाचा हात नारळाला लावून घेऊन तो तसाच तरीकडे पळाला.

पालखी निघाली त्या दुपारी वारा दक्षिणेचा होता. खाडीवरून ढोल ऐकू येऊ लागले. खलाशी निजल्या निजल्या ताठ झाला आणि त्याचे खांदे हलायला लागले. त्याला ते कळत होतं की नाही कोण जाणे. खाट करकरली, पिशवी झोके घेऊ लागली. बाईंनी त्याला गप्प राहा म्हटलं नाही. त्या खाली जमिनीवर बसल्या आणि झोका जाणार नाही इतपत पिशवीला दोन्ही तळव्यांचा आधार देऊन राहिल्या, वजन मात्र उचललं नाही. ढोल थांबेपर्यंत तशाच होत्या. खलाशी रडत होता. मलाही रडू आलं, आणि मी औषधांच्या खोलीत निघून गेलो.

पिशवी सुटली, कुबड्या आल्या, तो घरी गेला. फितीवर पाय जुळले होते, पण पुरता भार टाकल्यावर हाड काय करील ते डॉक्टरही सांगेनात. त्या पाटाची शंका सगळ्यांच्या मनात होतीच. निघताना तो म्हणाला, "बाय, पुढल्या शिमग्याला बघायला या." बाई रोग्यांना कधी शब्द देत नसत. त्याला म्हणाल्या, "येईन."

पावसाळा सरता सरता संगमेश्वराहून त्यांचा भाऊ आला. आईने अंथरूण धरलं होतं, तिला उठवायला, धुवायला घरात कुणी तयार नव्हतं. वॉर्डात दोन खाटा रिकाम्या होत्या. आता थापटणार, म्हणून मी बघत राहिलो. बाईंनी त्याला निजवलं नाही. त्याला पाणी दिलं, आपली ट्रंक भरली आणि त्याच्या मागून मोटारीत जाऊन बसल्या. महिन्याभरात येते असं डॉक्टरांना सांगून गेल्या होत्या. त्या आल्या नाहीत. आई गेली का राहिली, त्यांना घरात घेतलं की त्या अजून पडवीतच होत्या, काही कळलं नाही. त्यांच्या जागी दुसरी बाई आली. चांगली होती.

शिमग्याला मी एकटाच तरीत बसलो. सहाणेवर ही गर्दी. पालखी आली आणि दांडीखाली तोच होता. गुडघे वाकवून, कमरेतून झोका देत नाचवत होता, आणि प्रत्येक वळणाला बायकांच्या घोळक्याकडे बघत होता. कुणाला शोधतोय ते मला ठाऊक होतं.

खांदा बदलल्यावर घामाने निथळत तो माझ्याकडे आला. "बाय कुठं हायत?"

मी सांगितलं. त्याने उपरण्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "मग तुमी बघा. नीट बघा. भेटतील तवा तुमास सांगायचं हाय."

आणि आपली पाळी नसताना तो पुन्हा दांडीखाली शिरला. ढोल वाजायला लागले, गुलाल उडाला, माझ्या आजूबाजूच्या सगळ्या माणसांनी हात जोडले. मी त्याच्या टाचांकडे बघत होतो. एक टेकली की दुसरी, तितकीच, तितक्याच जोराने. पालखी माझ्यासमोरून गेली, पुढे वळली, दिसेनाशी झाली, आणि देवाला नमस्कार करायचा माझा राहूनच गेला.