डाव्या कानाने ऐकलेला रानपिंगळा

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलं. दिवा आपोआप विझला की लोक भूत शोधतात, आम्ही लूज कनेक्शन शोधायचो... आणि ते सापडायचं. इथे मात्र मला अजून काही सापडलेलं नाही.

माझा डावा कान बारा वर्षांपूर्वी गेला. सकाळी उठलो तर बंद. डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता विसरा. लोकांना वाटतं एक कान चालू म्हणजे भागलं. अहो, एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली की मी गॅलरीत जाऊन ओ देतो. आणि रिटायर झाल्यावर छंद लागला तो पक्ष्यांचे फोटो काढायचा — घ्या! सगळ्यांच्या लेन्स एका झाडाकडे, माझी भलतीकडेच. आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपमध्ये माझं नाव पडलं 'दिशाहीन काका'. मीही हसायचो.

एकदाच हसू आलं नाही. गेल्या वर्षी पेठच्या बाजूला सागाच्या जंगलात मला रानपिंगळा दिसला. साधा पिंगळा गावोगाव असतो, हा दुर्मिळ. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर तपकिरी पट्टा. नीट पाहिला मी, पण कॅमेरा उचलेपर्यंत उडाला. ग्रुपला दिसलेल्या पक्ष्यांची यादी शिरीष ठेवतो. आयटीतला, माझ्या मुलाच्या वयाचा, मनाने चांगला. फोटो नाही म्हणून त्याने नोंद घेतली नाही, साधा पिंगळा असेल म्हणाला. मागून कोणीतरी पुटपुटलं, काकांना आता दिसतही नाही वाटतं. तेवढं बरोबर ऐकू आलं मला. लागलं हो मनाला, वर्षभर लागून राहिलं.

यंदा मार्चमध्ये शिरीषला घेऊन पुन्हा तिथेच गेलो. तिथल्या सोमनाथभाऊंचं शेत नाल्याशी संपतं, तिथून जंगल सुरू होतं. (नाल्याचं नाव विचारू नका, फोटोवाल्यांची जत्रा भरेल.) सोमनाथभाऊ आमच्याबरोबर आले. म्हणाले, "हाय ना तो, दिवसाढवळ्या बसतो. पण हल्ली बोलत नाय." सातपासून फिरलो. पानगळ झालेली, सगळं जंगल उघडं, तरी काही नाही. निदान आवाज मिळावा म्हणून शिरीषने मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. साडेदहाला ऊन चढलं आणि तो म्हणाला, काका, निघू या.

तेवढ्यात मला हाक ऐकू आली. बारीक, गोलसर... ऊव... ऊव. डावीकडून, जरा मागून.

डावीकडून! बारा वर्षं माझ्या डाव्या बाजूला आवाजच नव्हता. अंगावर सर्रकन काटा आला.

"डावीकडे," मी म्हणालो.

शिरीष म्हणाला, काही ओरडलंच नाही काका. पण मी वळलो होतो. वीस पावलांवर, बोडक्या सागाच्या आडव्या फांदीवर तो बसला होता, थेट माझ्याकडे बघत. या वेळी कॅमेरा वेळेत उचलला. चौदा फोटो! पिवळे डोळे, कोरं डोकं, छातीवरचा पट्टा, सगळं लख्ख. मग तो उडाला आणि मी पाचोळ्यात फतकल मारून रडलो. साठी उलटलेला माणूस, आनंदाने रडलो. सोमनाथभाऊंनी पाण्याची बाटली हातात दिली.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. पाचोळ्याची करकर, शिरीषची शिंक, माझं 'डावीकडे', शटरचा खडखडाट. हाक नाही. चौदाही फोटोंत चोच बंद. पुढच्या आठवड्यात कान तपासून घेतला. रिपोर्ट जुन्याइतकाच सपाट. त्यानंतर त्या कानाने काहीही ऐकलेलं नाही. मनाचे खेळ म्हणाल, तर मनाला ती फांदी कोणी दाखवली? मला ठाऊक नाही. खरंच नाही.

जाणकारांनी फोटो बघून शिक्कामोर्तब केलं. शिरीष पेढे आणि यादी घेऊन घरी आला. माफी मागितली आणि गेल्या वर्षीची नोंदही माझ्या नावावर केली. मग यंदाची लिहायला बसला. यादीत एक रकाना असतो — पक्षी कसा सापडला, दिसून की आवाजावरून. तिथे त्याचं पेन अडलं. रेकॉर्डिंग त्यानेही ऐकलं होतं.

"काका, इथे काय लिहू?"

"आवाजावरून."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तसंच लिहिलं.