ताटाकडे न बघणारी बाई

माझी सासू शिष्ट आहे, असं मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ठरवून टाकलं. काहीही ठरवायला मला तेव्हा एक दिवस पुरत असे. वय अठरा, मॅट्रिक पहिल्या झटक्यात पास, आणि बदलापूरच्या आमच्या आळीत तेवढ्यावर मला विदुषी समजत. ही विदुषी अंबरनाथ पश्चिमेला दिली गेली. नवरा कारखान्यात सुपरवायझर, सासरे आधीच गेलेले, घरात माणसं तीन. आई म्हणाली, "नशीब काढलंस!"

नशिबाने पहिल्याच नमस्काराला रंग दाखवला. मी वाकले, तर सासूबाईंनी खाली पाहिलंसुद्धा नाही. मी पायाशी, आणि आशीर्वाद गेला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला. कॅलेंडरला आठ पुत्र होवोत, असं मनात म्हणत मी उठले.

त्यांच्या भुवया कायम वर चढलेल्या असत, डोळे मोठे आणि पापणी म्हणून लवत नसे. मी चहा आणला की त्या थक्क. केर काढला तरी थक्क. आपण रोज काहीतरी गुन्हा करतोय आणि ही बाई रोज नव्याने हादरतेय, असं मला वाटायचं. बोलणं संथ, एकेक शब्द तोलून. पोथी वाचायची तर हात लांब करून डोळ्यांच्या समोर, चांगली उंच धरायच्या. मला वाटे, आपली भक्ती सुनेला दिसावी म्हणून हा खटाटोप.

चालतानाही मान ताठ. उंबऱ्याला अडखळत, पण उंबऱ्याकडे बघतील तर शपथ. आणि पडायच्या त्या मागे. आपण ठेच लागून पुढे पडतो. या उभ्याउभ्या, भिंतीला टेकवलेली फळी घसरावी तशा मागे जात. "मी माहेरी यायला निघाले की मुद्दाम पडतात," असं मी आईला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या आठवड्यातून दोनदा पडत, आणि मी आठवड्यातून दोनदा माहेरी निघत असे. बदलापूर एका स्टेशनावर असल्याचा हा तोटा. पण एवढं गणित मॅट्रिक पास बाईला सुचलं नाही.

"आईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय," नवरा म्हणायचा. एका वर्षात तीन चष्मे झाले. तिन्ही घालून सासूबाई समोरच बघत.

हे सगळं मी सोसलं असतं. जेवणाचं मात्र सोसवेना. तेव्हा आम्ही पाटावर बसून जेवत असू, ताट जमिनीवर. मी जीव ओतून रांधायची आणि सासूबाई ताटाकडे एकदाही न बघता जेवायच्या. घास तोंडात, नजर भिंतीवर. वरण निम्मं लुगड्यावर सांडे, तरी बघणं नाही. त्यांनी एकदा, फक्त एकदा माझ्या ताटाकडे बघावं, यासाठी मी झुरत होते. वाढण्याची शिस्त मात्र कडक. मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी-लोणचं, उजवीकडे भाजी, मधे भात, पाण्याचा तांब्या डावीकडे. मी कुठे चुकेन म्हणून बसल्याबसल्या आधीच विचारत, "भाजी उजवीकडेच आहे ना गं?"

"आहे, आई." आणि मनात, तुमचे डोळे काय गहाण पडलेत?

एका दुपारी मी सूड घ्यायचं ठरवलं. नवरा कामावर होता. भाजीच्या जागी मिरचीचा ठेचा वाढला, चांगला लिंबाएवढा, आणि भाजी नेली चटणीच्या जागी. तांब्या सरकवला उजवीकडे. आता बघावंच लागेल ताटाकडे, म्हणून समोर हाताची घडी घालून बसले.

सासूबाईंचा हात सरळ उजवीकडे गेला. सगळा ठेचा उचलला आणि तोंडात घातला.

त्या ओरडल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, भुवया होत्या तशाच. डावा हात तांब्याकडे गेला आणि रिकाम्या फरशीवर थपथप करत राहिला. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. तेव्हा या विदुषीच्या डोक्यात उजेड पडला. ताट त्यांना पाठ होतं, म्हणून त्या जेवू शकत होत्या.

मी तांब्या त्यांच्या हातात दिला. पाणी पिताना जोराचा ठसका लागला. शांत झाल्यावर त्या समोरच्या भिंतीला म्हणाल्या, "ताट बदललंस?"

"हो."

"बरंच लवकर कळलं म्हणायचं. वर्षच लागलं."

"आई, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं की. तुझ्या मागच्या भिंतीला पोपडे आलेत, तेही दिसतात. पण डोळे खाली जात नाहीत. वर जातात, बाजूला जातात, खाली म्हटलं की अडतात. मानही वाकत नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर त्याने मला भरवायला घेतलं असतं. पोटच्या मुलाच्या हातून घास? मला नाही जमायचं ते. जमेल तोवर माझ्या हाताने जेवणार मी. त्याला बोललीस तर बघ!"

"बघू काय? तुम्हाला खाली बघता येत नाही, मारणार कुठे?" असं मी म्हणून गेले आणि जीभ चावली. सासूबाईंच्या घशातून खर्र असा आवाज आला. ते हसणं होतं, हे मला महिनाभराने समजलं. तोंड हसत नसे त्यांचं, फक्त घसा हसायचा.

भरवण्याचं सोडून बाकी सगळं मी नवऱ्याला सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी त्यांना बोटाकडे बघायला लावलं. बोट खाली नेलं, डोळे जागच्या जागी. मग बोट स्थिर ठेवून डॉक्टरांनी दुसऱ्या हाताने सासूबाईंची मान हळूच मागे नेली, तर डोळे बोटावरच राहिले, म्हणजे खाली आले! "डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तोल जातो, बोलणं अडतं, ते त्यातलंच. कंपवाताचा भाऊ म्हणा, पण कंप नाही. मी असा रोगी पाहिलेला नाही, नुसतं वाचलंय. वाढत जाईल, पुढे गिळणंही अवघड होईल." औषध विचारलं, तर त्यांनी खोटं सांगितलं नाही. या आजाराला प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी म्हणतात, हे मला माझ्या डॉक्टर नातीने कालपरवा सांगितलं. औषध अजून नाही म्हणाली. नाव तेवढं लांबलं.

डोळे खाली येत नाहीत तर ताट वर न्यायचं, हे मला सुचलं. आयुष्यात जी दोन-तीन शहाणपणं माझ्या हातून झाली, त्यातलं हे एक. टांगा करून उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात गेले. तिथे बराकीच्या ओट्यावर एक सिंधी सुतार काम करायचा. मी हनुवटीखाली हात आडवा धरून म्हटलं, "इतना ऊंचा टेबल मंगताय. छोटा. बैठके खाने का."

"किसके लिए, बेटी?"

"सासूके लिए."

"अरे, सास को इतना ऊपर चढ़ाएगी? फिर उतरेगी नहीं!"

सगळं सांगितल्यावर मात्र तो गंभीर झाला. रंधा खाली ठेवून म्हणाला, "चारों तरफ पट्टी लगा दूंगा. थाली सरकेगी नहीं. और कुर्सी की पीठ ऊंची चाहिए, पीछे गिरती है ना?" ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

टेबल आलं. सासूबाईंना उंच पाठीच्या खुर्चीत बसवलं, ताट त्यांच्या नाकासमोर ठेवलं आणि मी बाजूला उभी राहिले. वर्षभर ज्या नजरेसाठी झुरले ती अखेर ताटावर पडली. त्यांनी सावकाश सगळं पाहून घेतलं.

"भात रोज असाच गिचका करतेस?" त्या म्हणाल्या.

त्या टेबलावर त्या तीन वर्षं स्वतःच्या हाताने जेवल्या. ठसका वाढला तशी मी वरण दाट करत गेले, भात मऊ करत गेले. शब्द एकेक करून गेले, शेवटी फक्त घसा उरला. मग बोटं ताटापर्यंत जाईनात. एका रविवारी नवऱ्याने घास कालवला आणि त्यांच्या ओठांशी नेला. सासूबाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं. त्याने विनवलं, रागावला, रडला. ओठ हलले नाहीत. ते काय चाललंय हे घरात मला एकटीला माहीत होतं.

"तुम्ही जरा बाहेर जाऊन या," मी म्हटलं.

तो गेला. मी हात धुतले, खुर्ची ओढली. बराच वेळ त्या माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिल्या. मीही घाई केली नाही. शेजारणीच्या भांडणाची एक जुनी हकिकत सांगत बसले. ती संपत आली तेव्हा त्यांचं तोंड उघडलं. मी घास आत ठेवला आणि त्यांनी माझं बोट कचकन चावलं.

आजारामुळे की मुद्दाम, चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती.

"आई, बोट माझं आहे," मी म्हटलं.

खर्र, असं झालं घशात.

दुसरा घास मी जरा लांबूनच दिला.